जेपीजीची एसव्हीजी केली म्हणजे लेझरची फाइल तयार झाली असं नाही

लेझर मशीनवर कोरायचं-कापायचं काम करणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये सध्या एक मेसेज सारखा फॉरवर्ड होतोय, त्याची रीलही फिरतेय. म्हणणं असं, की लेझरला जेपीजी चालतच नाही, प्रत्येक इमेज आधी व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेघांनी बनलेलं चित्र) करायची, फुकटच्या साइटवर टाकली की एका क्लिकमध्ये एसव्हीजी म्हणजे व्हेक्टरची फाइल मिळते, क्वालिटी आपोआप वाढते, फोटोही भारी येतो आणि व्हेक्टरचं माप कधी चुकत नाही. नवीन मशीन घेतलेली पोरं यावर विश्वास ठेवून ॲक्रेलिक फुकट घालवतायत, म्हणून लिहितोय.

जेपीजी चालत नाही म्हणे. चालते! लेझर चालवायची सॉफ्टवेअर लाइटबर्न घ्या नाहीतर आरडीवर्क्स, दोन्हीत इमेज सरळ इंपोर्ट होते आणि मशीन ती ओळीओळीने स्कॅन करत कोरतं. उलट व्हेक्टर आकाराला फिल दिलात तरी हेड तसंच डावीउजवीकडे जातं, त्यामुळे व्हेक्टर केल्याने वेळ वाचेल असंही नाही. व्हेक्टर लागतंच ते कटिंगला आणि जिथे बीमने रेघेवरून चालायचंय तिथे.

फोटोचं तर अजिबात ऐकू नका. ट्रेस करताना, म्हणजे इमेजची व्हेक्टर बनवताना, सॉफ्टवेअर एक थ्रेशोल्ड धरतं, त्याच्यापेक्षा गडद ते काळं, फिकं ते पांढरं, म्हणजे गालावरची सावली, केसांतला उजेड सगळं गेलं आणि हातात राहिले काळे डाग. लाकडावर शेड येते ती ठिपक्यांच्या दाटीने, म्हणून फोटो इमेज म्हणूनच ठेवा आणि फ्लॉइड-स्टाइनबर्ग, जार्व्हिस किंवा स्टुकी यातलं एखादं डिदरिंग (शेडचे ठिपके करायची पद्धत) लावून बघा. लाइन इंटरव्हल, म्हणजे दोन ओळींतलं अंतर, ०.१ मिमी म्हणजे २५४ डीपीआय (एका इंचात २५४ ओळी), साध्या मशीनच्या बीमचा ठिपकाही साधारण तेवढाच असतो, त्यामुळे १००० डीपीआय टाकलं तर डिटेल वाढत नाही, एकावर एक ओळी जळून लाकूड कोळसा होतं. काळ्या स्लेटवर कोरलेला भाग पांढरट दिसतो, तिथे इमेज निगेटिव्ह करायची.

आता ते एक क्लिक. इंकस्केप या चित्र काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमधलं ट्रेस बिटमॅप आतून पीटर सेलिंगर यांचा पोट्रेस हा प्रोग्रॅम वापरतं. त्याला काळं-पांढरं चित्र द्यायचं, ते काळ्या भागाची कड शोधतं, बस. ते अक्षर आहे की डाग हे त्याला कळत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेली जेपीजी झूम करून बघा, अक्षरांच्या कडेला बारीक कचरा दिसेल, कारण जेपीजी चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडून कॉम्प्रेस करते. हा कचरा पण ट्रेस होतो. मग तो घालवायला लोक स्पेकल्सचा (केवढे बारीक डाग काढून टाकायचे त्याचा) आकडा वाढवतात आणि कचऱ्याबरोबर अनुस्वारही उडतो! लहान इमेजमध्ये अनुस्वार म्हणजे जेमतेम काही पिक्सेल, सॉफ्टवेअरला तो धुळीच्या कणासारखाच. नेमप्लेटवर ‘शिंदे’ ऐवजी ‘शिदे’ कोरलं जातं आणि ते कळतं कधी, तर प्लेट दारावर लागल्यावर. हे मला खरंच मनाला लागतं, माणूस हौसेने घराला नाव लावतो हो.

म्हणून मजकूर कधीही ट्रेस करू नका, परत टाइप करा. एक टाइपचे मुक्ता, बालू हे फुकट युनिकोड फॉन्ट आहेत, इंकस्केपमध्ये जोडाक्षरंही नीट येतात. अक्षरं पाथमध्ये म्हणजे रेघांच्या आकारात कन्व्हर्ट केल्यावर युनियन करायला, म्हणजे सगळे आकार एकत्र जोडायला विसरू नका, कोरेलमध्ये त्यालाच वेल्ड म्हणतात. शिरोरेषेचे तुकडे प्रत्येक अक्षराच्या जोडावर एकमेकांवर चढलेले असतात, वेल्ड न करता कटिंगला दिलं तर बीम त्या जोडातूनच जातो आणि नाव तुकड्यातुकड्याने खाली पडतं.

सहीसारखी बारीक रेघ असेल तर अजून एक भानगड. कड शोधल्यामुळे एका रेघेच्या दोन रेघा होतात. इंकस्केप १.० पासून सेंटरलाइन ट्रेसिंग आलंय, ते वापरा.

काही साइट तर ट्रेससुद्धा करत नाहीत, जेपीजीच एसव्हीजीच्या आत घालून परत देतात. फाइल उघडून नोड टूलने क्लिक करा, रेघांवर नोड (रेघ ज्यांनी वळते ते बिंदू) दिसले नाहीत तर आत फोटोच आहे.

क्वालिटी आपोआप कशी वाढेल? जे चित्रात नाही ते ट्रेसमध्ये कुठून येणार. २०० पिक्सेलचा लोगो ट्रेस केला की गोल वाकडा येतो, स्मूथ वाढवलं तर कोपरे बोथट होतात, आणि कमी ठेवलं तर हजारो नोड पडून मशीन अडखळत चालतं. गिऱ्हाइकाला सरळ विचारा की व्हिजिटिंग कार्ड नाहीतर फ्लेक्स कुणाकडून केलात, त्या डीटीपीवाल्याकडे बहुतेक वेळा ओरिजिनल कोरेल किंवा पीडीएफ मिळते. नाहीच मिळाली तर इमेज लॉक करून वर हाताने काढा, गोलाच्या जागी खरा गोल. अर्धा तास जातो, पण काम स्वच्छ येतं.

राहिलं माप. इंकस्केप ०.९२ च्या आधी ९० डीपीआय, म्हणजे एका इंचात ९० पिक्सेल धरायचं, नंतर ९६ झालं. जुनी फाइल ९६ धरून उघडली तर १०० मिमीचा आकार ९३.७५ मिमी होतो, आणि खाचेत तो सैल बसतो. इंपोर्ट केल्यावर रुंदीचा आकडा बघायचा आणि शंका असेल तर आधी पुठ्ठ्यावर काढून पट्टीने मोजायचं.