स्वभावाचा दाखला

गेल्या महिन्यात कन्येच्या आग्रहाखातर आम्ही उभयतांनी माणसांचे सोळा प्रकार सांगणारी ती ऑनलाइन चाचणी दिली. माझा निकाल ‘अंतर्मुख’ असा लागला आणि पंचवीस वर्षांच्या संसारात प्रथमच माझ्या अबोलपणाला शिक्क्यानिशी दाखला मिळाल्यासारखे वाटले. पत्नीने एवढेच विचारले, “म्हणजे आता तुमचं गप्प बसणं शास्त्रोक्त झालं का?”

या चाचणीची कुळकथा गमतीची आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथाने रूढ केली आणि अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी तिच्या आधाराने सोळा प्रकार बसवले. लेकीने पसंत केलेला मुलगा आपल्या घरापेक्षा इतका वेगळा कसा, या कुतूहलाने कॅथरीनबाईंच्या अभ्यासाला चालना मिळाली असे सांगतात. आपल्याकडे जावयाला दहावा ग्रह म्हणून मोकळे होतात. या बाईंनी त्याच्यापायी शास्त्र उभारले! मात्र बहुतेक माणसे दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की अनेकांचा प्रकार बदलतो.

माझा प्रकार कधी बदलतो, हे मला पत्नीमुळे कळले. माझ्या आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा विषय तिने एका रविवारी मटार सोलताना काढला. आईची साखर, आमचा विनालिफ्टचा तिसरा मजला, रात्री रुग्णालयात कोण थांबणार, हे सारे मी शेंगा सोलता सोलता मनात घोळवत होतो. तिला मात्र टोपात पडणाऱ्या दाण्यांचाच आवाज ऐकू येत होता. “आई तुमची आणि घोर मला,” असे म्हणून ती उठली. दुसऱ्या दिवशी मी निर्णय पक्का करून आलो, तेव्हा तिने चार नवे मुद्दे काढले आणि मी चिडलो. ती बोलता बोलता विचार करते आणि मी विचार संपल्यावर बोलतो, एवढाच स्वभावभेद असता तर मी स्वतःला निर्दोष ठरवले असते.

परंतु नव्या गाडीचा विषय मी काढला, तेव्हा सलग तीन आठवडे मीच बोलत होतो. ख्रिस्टेन्सन आणि हेवी या अभ्यासकांनी १९९० साली अमेरिकेतील जोडप्यांविषयी हेच नोंदवले आहे: पत्नीला हवा असलेला बदल चर्चेत असला की ती लावून धरते आणि पती माघार घेतो, बदल पतीला हवा असला की हा फरक जवळजवळ उरत नाही. चालले आहे ते ज्याच्या सोयीचे, त्याला गप्प राहणे परवडते. माझ्या अंतर्मुखतेत असा सोयीचा वाटा किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

आता मी निदान “उद्या रात्री सांगतो” असे तोंडाने म्हणतो आणि त्या रात्री विषय मीच काढायचा, असे आमचे ठरले आहे. पत्नीचा या व्यवस्थेवर विश्वास बेताचाच असावा, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, त्या त्या तारखेला ती बारीक अक्षरात ‘उत्तर येणे’ असे लिहून ठेवते. या महिन्यातली दोन अजून बाकी आहेत.