सीलँडला कोर्टाने ‘देश’ म्हटलेलं नाही: त्या व्हायरल मेसेजमधल्या एकेका वाक्याबद्दल

गेल्या दोनेक वर्षांत हा मेसेज माझ्याकडे निदान चार ग्रुपांतून आलाय. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच: “जगातला सर्वात छोटा देश सीलँड! इंग्लंडजवळ समुद्रात दोन खांबांवर उभा, लोकसंख्या फक्त 27. ब्रिटनने सोडून दिलेल्या बेवारस जागेवर 1967 मध्ये स्थापना. 1968 मध्ये ब्रिटिश कोर्टाने स्वातंत्र्य मान्य केलं, 1978 मध्ये जर्मनीने राजदूत पाठवला. स्वतःचा राजा, पासपोर्ट, नाणी, सगळं आहे.”

सोबतचा फोटो खरा असतो. सीलँड स्थापन करणाऱ्या बेट्स कुटुंबाने ती जागा अर्ध्या शतकाहून जास्त काळ राखली, हेही खरं. पण परवा भाचीच्या स्पर्धा परीक्षेच्या वहीत ‘सर्वात लहान देश’ यापुढे व्हॅटिकन सिटी खोडून सीलँड लिहिलेलं पाहिलं आणि राहवलं नाही. एखाद्या प्रदेशाचा इतिहास शोधायचा तर आधी ती जागा मुळात काय होती ते बघावं लागतं. मेसेज नेमकं तेच गाळतो.

ती जागा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला रफ्स टॉवर. टेम्सच्या मुखाकडे येणारी जर्मन विमानं आणि सुरुंग पेरणाऱ्या बोटी रोखण्यासाठी गाय मॉन्सेल या अभियंत्याच्या आराखड्यावरून ब्रिटिश नौदलाने असे चार सागरी बुरूज बांधले. बांधले ते नदीकाठी, कोरड्या जागेवर. खाली काँक्रीटचा प्रचंड पोकळ तराफा, त्यावर दोन गोल पोकळ खांब, खांबांच्या डोक्यावर तोफांचा चौथरा. टगबोटींनी हे सगळं ओढत समुद्रात नेलं. 11 फेब्रुवारी 1942 रोजी ‘रफ सँड्स’ या वाळूच्या उथळ पट्ट्यावर तराफ्यात पाणी सोडलं आणि तो तळाशी बसवला. प्रत्येक खांबात सात मजले. सैनिक त्यातच झोपायचे, जेवायचे. खालचे मजले तर पाण्याच्या पातळीखाली. 1956 मध्ये शेवटची माणसं निघाली. म्हणजे मेसेजमधली ‘बेवारस जागा’ ही जमीन नाहीच, बुडवून ठेवलेलं बांधकाम आहे. हा मुद्दा पुढे जर्मनीतल्या कोर्टातही निर्णायक ठरला.

मग तिथे बेट्स का गेले? कारण पॉप गाणी. बीबीसीच्या मक्तेदारीला कंटाळून साठीच्या दशकात लोकांनी समुद्रातून विनापरवाना रेडिओ चालवले. माजी मेजर रॉय बेट्स यांनी 1965 मध्ये नॉक जॉन या अशाच बुरुजावरून ‘रेडिओ एसेक्स’ सुरू केला. तो बुरूज ब्रिटनच्या सागरी हद्दीतच येतो असं कोर्टात ठरलं आणि त्यांना 100 पौंड दंड झाला. म्हणून ते हद्दीबाहेरच्या रफ्स टॉवरवर गेले. तेव्हा हद्द होती 3 सागरी मैल, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर. रफ्स किनाऱ्यापासून त्याच्या दुप्पट अंतरावर. पण ऑगस्ट 1967 मध्ये अशा रेडिओंवर बंदी घालणारा नवा कायदा लागू झाला, आणि 2 सप्टेंबर 1967 रोजी बेट्स यांनी ‘सीलँड’ जाहीर केलं. या साऱ्या कथेची किल्ली त्या 3 मैलांत आहे.

आता 1968 चं कोर्ट. बुरुजाजवळ बोयाच्या, म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या, कामासाठी कामगार बोटीने आले होते. वरून इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे रॉय आणि त्यांचा मुलगा मायकेल इंग्लंडच्या भूमीवर आल्यावर त्यांच्यावर शस्त्र कायद्याखाली खटला चालला, चेम्सफर्डच्या कोर्टात. न्यायाधीशांनी म्हटलं की ही घटना 3 मैलांच्या बाहेर घडली, तिथे हा कायदा लागू होत नाही, सबब हा खटला चालवण्याचा अधिकार या कोर्टाला नाही. बस. ‘आमच्या अधिकाराबाहेर’ म्हणजे ‘तुमचं राष्ट्र’ नव्हे. भर समुद्रातल्या कुठल्याही लाटेबद्दल त्या कोर्टाने हेच म्हटलं असतं. शिवाय याच जातीचा संक हेड बुरूजही 3 मैलांच्या बाहेरच होता, आणि पुन्हा कोणी रेडिओवाला तिथे चढू नये म्हणून ब्रिटिश सैन्याने तो ऑगस्ट 1967 मध्ये स्फोटकांनी उडवून दिला. म्हणजे हद्दीबाहेरचे बुरूजही ब्रिटनने बेवारस मानले नव्हते.

ती फटही नंतर बुजली. 1987 मध्ये ब्रिटनने सागरी हद्द 12 मैलांपर्यंत वाढवली आणि रफ्स टॉवर तिच्या आत आला. सीलँडनेही स्वतःची 12 मैलांची हद्द जाहीर केली होती. पण संयुक्त राष्ट्रांचा 1982 चा सागरी कायदा करार सांगतो की कृत्रिम बेटांना आणि बांधकामांना बेटाचा दर्जा नाही आणि स्वतःची सागरी हद्दही नाही. आपल्याला हा फरक पटकन कळावा. सिंधुदुर्गाचा तट माणसांनी बांधला, पण त्याखालचं कुरटे बेट निसर्गाचं आहे. रफ्सखाली वाळू आहे, तीही पाण्याखाली.

जर्मनीचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मेसेज अर्धीच गोष्ट सांगतो. ऑगस्ट 1978 मध्ये अलेक्झांडर आखेनबाख या सीलँडशी जोडलेल्या जर्मन व्यावसायिकाच्या माणसांनी रॉय आणि पत्नी जोन परदेशी असताना बुरूज बळकावला आणि मायकेलला कोंडलं. बेट्स मंडळींनी हेलिकॉप्टरने उतरून तो परत घेतला, आणि सीलँडचा पासपोर्ट असलेल्या एका जर्मन वकिलाला ‘देशद्रोही’ म्हणून अडकवून ठेवलं. त्याच्या सुटकेसाठी लंडनच्या जर्मन दूतावासातला एक अधिकारी तिथे गेला. हाच तो ‘राजदूत’. आपला नागरिक कोणी डांबला तर सरकार माणूस पाठवणारच. सोमाली चाच्यांशीही जहाजं सोडवण्यासाठी बोलणी झाली, त्याने चाच्यांचं राष्ट्र बनलं नाही.

आणि गाळलेली अर्धी गोष्ट ही: त्याच वर्षी, 3 मे 1978 रोजी, म्हणजे या प्रकरणाच्या तीनच महिने आधी, जर्मनीतल्याच कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने सीलँडवर थेट निकाल दिला होता. एका जर्मन माणसाचं म्हणणं होतं की मी सीलँडचा नागरिक झालो, सबब माझं जर्मन नागरिकत्व संपलं. न्यायालयाने राष्ट्राच्या कसोट्या घेतल्या: भूभाग, लोक, शासन. भूभाग म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाचा नैसर्गिक तुकडा, माणसाने उभारलेला चौथरा नव्हे. लोक म्हणजे एकत्र जगणारा समाज, काही ठरावीक कामासाठी जमलेली मंडळी नव्हेत. सीलँड दोन्हींत नापास झालं. ‘स्वातंत्र्य’ या प्रश्नाला कोर्टाने सरळ हात घातल्याचा निकाल हवा असेल, तर तो हा आहे. फॉरवर्डमध्ये तो कधी दिसत नाही, कारण तो मजकूर मुळात सीलँडने स्वतःबद्दल सांगितलेल्या इतिहासातून उचललेला असतो. दाव्यातल्या एका पक्षाचं म्हणणं ऐकून निकाल लिहिण्यासारखं आहे हे.

पासपोर्ट आणि नाणी यांवर फार शब्द नकोत. नाणं कोणीही पाडू शकतं. सीलँडच्या नावाचे पासपोर्ट गुन्हेगारांच्या हाती सर्रास सापडू लागल्यावर 1997 मध्ये बेट्स कुटुंबानेच सगळे पासपोर्ट रद्द केले. आजवर संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने सीलँडला मान्यता दिलेली नाही.

राहिली ती 27 लोकसंख्या. 27 माणसांची वस्ती असलेलं ठिकाण कसं दिसेल ते डोळ्यांसमोर आणा, आणि मग 23 जून 2006 चा दिवस बघा. त्या दिवशी बुरुजावरच्या जनरेटरने पेट घेतला, धुराचे लोट किनाऱ्यावरून दिसत होते. आग विझवायला बोट गेली ती इंग्लंडहून. वर असलेल्या राखणदाराला ब्रिटिश हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने उचललं आणि इप्सविचच्या रुग्णालयात नेलं.