'रेडस्किन्स' हे नाव सन्मानासाठी ठेवले होते का?

अमेरिकन फुटबॉलमधील वॉशिंग्टनच्या संघाविषयी एक मजकूर गेली काही वर्षे सातत्याने फिरत आहे. त्याचा आशय असा की, संघाचे प्रशिक्षक लोन स्टार डीट्झ हे अमेरिकेतील मूलनिवासींपैकी सू जमातीचे होते, त्यांच्या सन्मानार्थ १९३३ साली संघाला 'रेडस्किन्स' (शब्दशः 'लाल कातडीचे') हे नाव देण्यात आले, मूलनिवासींना ते कधीही खटकले नव्हते, आणि २०२० साली मोजक्या लोकांच्या दबावामुळे नाव हटवून ८७ वर्षांचा हा मान काढून घेण्यात आला. संघाचे तेव्हाचे मालक डॅन स्नायडर यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये चाहत्यांना लिहिलेल्या पत्रातही या नावाच्या पहिल्या संघातील प्रशिक्षक आणि चार खेळाडू मूलनिवासी असल्याचा दाखला देऊन हे नाव म्हणजे सन्मानचिन्ह असल्याचे म्हटले होते. ज्यांनी संघाला या नावाखाली तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकताना पाहिले, त्यांची माया मी समजू शकतो. परंतु माया आणि इतिहास यांची गल्लत होऊ नये, म्हणून हा दावा मुद्देसूद तपासणे आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा नावाच्या कारणाचा, आणि सर्वांत महत्त्वाचाही तोच. हा संघ १९३२ साली बोस्टनमध्ये स्थापन झाला, तेव्हा त्याचे नाव 'ब्रेव्ह्ज' होते, कारण तो त्याच नावाच्या बेसबॉल संघाच्या मैदानावर खेळत असे. पुढच्याच वर्षी मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी संघ फेनवे पार्क या दुसऱ्या मैदानावर नेला आणि नाव बदलले. हे का केले, याचे उत्तर मार्शल यांनी जुलै १९३३ मध्ये स्वतःच वृत्तसंस्थेला दिले होते आणि ते वृत्तपत्रांत छापूनही आले: बेसबॉलचा आणि आपला संघ यांच्या नावांत फार गोंधळ होत होता, म्हणून बदल केला, आपले मुख्य प्रशिक्षक डीट्झ आणि काही खेळाडू इंडियन (म्हणजे मूलनिवासी) आहेत, या गोष्टीवरून कोणाला तशी शंका येईल, पण हे नाव निवडण्याची प्रेरणा त्यातून मिळालेली नाही. ज्याने नाव ठेवले त्यानेच, ठेवले त्याच महिन्यात, सन्मानाची कथा इतक्या स्पष्टपणे नाकारलेली असताना अनेक दशकांनंतर सांगितलेल्या हेतूला अधिक वजन देण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

दुसरा मुद्दा डीट्झ यांच्या ओळखीचा. ते प्रतिभावान प्रशिक्षक होते यात वाद नाही. १९१६ च्या रोझ बोल या महाविद्यालयीन सामन्यात वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संघाला त्यांनीच विजय मिळवून दिला होता. मात्र त्यांचे सू असणे त्यांच्या हयातीतच न्यायालयात तपासले गेले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सैन्यभरतीच्या नोंदणीत स्वतःला नागरिकत्व नसलेला इंडियन म्हणवून घेतले (अशांना भरतीतून सूट होती), आणि त्यावरून १९१९ साली स्पोकेन येथे त्यांच्यावर खटला चालला. जेम्स वन स्टार नावाच्या बेपत्ता सू माणसाची ओळख आपली म्हणून ते सांगत होते. त्या माणसाच्या बहिणीने हा आपला भाऊ नव्हे, अशी साक्ष दिली. ज्यूरीचे एकमत झाले नाही, तेव्हा पुन्हा खटला उभा राहिला. त्या वेळी डीट्झ यांनी आरोपाला आव्हान दिले नाही आणि ३० दिवसांचा तुरुंगवास भोगला. त्यांची आई कोण होती याबद्दल त्यांची बाजू घेणारे आजही आहेत, त्यामुळे मी अंतिम निवाडा देत नाही; पण 'सू जमातीचे प्रशिक्षक' हे वादातीत सत्य म्हणून मांडता येणार नाही, एवढे निश्चित.

ज्यांच्या नावावर सन्मानाचे श्रेय जमा केले जाते, त्या मार्शल यांचे वर्तनही पाहिले पाहिजे. १९३७ साली त्यांनी संघ वॉशिंग्टनला हलवला आणि पुढे वाद्यवृंदाला पिसांचे शिरोभूषण चढवून मूलनिवासींचे सोंग हा सामन्यांचा देखावा बनवला. लीगमधील इतर सर्व संघांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेतले, तरी त्यांनी ते घेतले नाहीत. अखेर नवे मैदान संघराज्य सरकारच्या जमिनीवर असल्याने केनेडी मंत्रिमंडळातील स्ट्यूअर्ट यूडॉल यांनी १९६१ साली मैदान नाकारण्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे १९६२ मध्ये बॉबी मिचेल हे कृष्णवर्णीय खेळाडू संघात आले. आपल्या नावाच्या प्रतिष्ठानाचा पैसा वंशांच्या एकत्रीकरणासाठी खर्च होऊ नये, अशी तरतूद मार्शल यांनी मृत्युपत्रात करून ठेवली होती.

मूलनिवासींना हे नाव कधी खटकलेच नाही, हे विधान तर कालक्रमाच्या विरुद्ध आहे. १९७२ साली त्यांच्या प्रतिनिधींनी संघाचे अध्यक्ष एडवर्ड बेनेट विल्यम्स यांची भेट घेतली, आणि त्यानंतर संघगीतातील शत्रूची टाळू सोलण्याची भाषा वगळण्यात आली. जानेवारी १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या सुपर बोलच्या वेळी मैदानाबाहेर मोठी निदर्शने झाली, आणि त्याच वर्षी सुझान हार्जो यांच्यासह सात मूलनिवासींनी नावाच्या ट्रेडमार्कविरुद्ध अर्ज केला. १९९९ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २००३ साली उलटला; दुसऱ्या अर्जावर २०१४ साली नोंदणी पुन्हा रद्द झाली, पण एका वेगळ्या प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अवमानकारक ट्रेडमार्कवरील बंदीच अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवली. म्हणजे कायद्याची लढाई संघाने जिंकली, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु विरोध २०२० साली अचानक सुरू झाला, असे म्हणता येत नाही.

दहापैकी नऊ मूलनिवासींना नाव खटकत नाही, अशा पाहण्या दाखवल्या जातात. २००४ आणि २०१६ च्या त्या पाहण्या खऱ्या आहेत, मात्र त्यांत स्वतःला मूलनिवासी म्हणवणाऱ्या कोणाचेही उत्तर धरले होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून अधिक मूलनिवासींच्या अभ्यासात सुमारे निम्म्यांनी नाव अपमानकारक वाटते असे सांगितले, आणि जमातीच्या रीतिरिवाजांशी घट्ट नाते असलेल्यांत हे प्रमाण दोनतृतीयांशाच्या घरात गेले.

विरोधकांचीही एक चूक येथे नोंदवतो. 'रेडस्किन' हा शब्द सोललेल्या टाळूवरून आला, असे ते अनेकदा सांगतात. भाषाभ्यासक आयव्हज गोडार्ड यांनी २००५ साली दाखवले की, अठराव्या शतकात मूलनिवासी वक्त्यांनी स्वतःसाठी वापरलेल्या शब्दप्रयोगाच्या भाषांतरातून तो इंग्रजीत आला. पण शब्दाचा उगम निर्दोष असला, म्हणून पुढचा वापर निर्दोष ठरत नाही: १८६३ साली मिनेसोटातील एका वृत्तपत्राने मारल्या गेलेल्या प्रत्येक इंडियनसाठी २०० डॉलर बक्षिसाची सूचना छापताना हाच शब्द वापरला होता. आपण मराठीत 'रेड इंडियन' हा शब्द सहज वापरतो, तोही या निमित्ताने तपासून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

राहिला संघचिन्हाचा मुद्दा. डोक्यात पिसे खोवलेल्या प्रमुखाचा तो चेहरा ब्लॅकफीट जमातीचे नेते वॉल्टर वेट्झेल यांच्या पुढाकारातून आला, हे खरे आहे, आणि त्यांच्या कुटुंबाला त्याचा वाटणारा अभिमानही खरा आहे. परंतु ते चिन्ह १९७२ च्या हंगामातले आहे. नाव त्याआधी ३९ वर्षे वापरात होते, आणि वेट्झेल यांचा हेतू मार्शल यांच्या पदरात टाकता येत नाही.