व्यावसायिक शिक्षणाचा प्रवासखर्च आणि अर्धाच मांडलेला हिशेब

‘गावाजवळ साधी शाळा असताना मुलं दूरच्या व्यावसायिक संस्थेत जातात ती स्वतःच्या मर्जीनं. त्यांच्या जाण्या-येण्याचा भार सरकारी तिजोरीनं का उचलावा?’ असा एक मेसेज सध्या खूप फिरतोय. जोडीला पर्यायही दिलेत: आहे त्या बसनं जा, वसतिगृहात राहा, ऑनलाइन शिका, नाहीतर हातात प्रवासभत्ता घ्या. वाचायला सगळं हिशेबी वाटतं, पण हिशेब अर्धाच मांडलाय.

आधी मर्जीचा मुद्दा. वेल्डिंग, टर्नर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड शिकवायला यंत्रं लागतात, कच्चा माल लागतो, हातात हात धरून शिकवणारा निदेशक लागतो. हे गावोगाव उभं करणं परवडत नाही, म्हणून अनेक गावांसाठी एकच संस्था काढली जाते. निर्णय योग्यच आहे, पण तो विद्यार्थ्यानं घेतलेला नाही. एका ठिकाणी वर्कशॉप उभारून सरकारचा पैसा वाचतो, आणि त्यापायी वाढलेलं अंतर मात्र घरच्यांच्या खिशातून कापलं जातं. वाचलेल्या पैशातला एक वाटा प्रवासावर खर्च करा, एवढीच मागणी आहे. तिला खैरात म्हणणं मला अजिबात पटत नाही.

शिवाय नेमकं याच वयात कायद्याचं छत्र संपतं. भारतात शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता आहे आणि बहुतेक व्यावसायिक अभ्यासक्रम त्यानंतर सुरू होतात. इंग्लंडमध्ये २०१५ पासून १८ व्या वर्षापर्यंत शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणं अपेक्षित आहे, पण पात्र मुलांना मोफत ने-आण करण्याची कायदेशीर सक्ती १६ वर्षांपर्यंतच्या शालेय वयापुरतीच. शिकायला सांगायचं आणि पोहोचायचं कसं ते त्यांच्यावर सोडायचं, अशी ही गत. फिनलंडनं २०२१ मध्ये सक्तीचं शिक्षण १८ वर्षांपर्यंत वाढवलं, तेव्हा प्रवासाचाही विचार केला. व्यावसायिक संस्था असो वा साधं उच्च माध्यमिक, त्या वयोगटातल्या विद्यार्थ्याचं घर ७ किलोमीटर किंवा त्याहून लांब असेल तर प्रवासखर्चाची सोय होते.

‘बस तर आहेच’ हे वाक्य ज्यांनी वेळापत्रक पाहिलेलं नाही तेच लिहू शकतात. ग्रामीण बसफेऱ्या बहुधा साध्या शाळेच्या घंटेवर बेतलेल्या असतात. प्रात्यक्षिकाचा दिवस त्याहून लांब असतो. सकाळी यंत्राजवळ उभं करून सुरक्षेच्या सूचना देतात, जोड्या पाडतात, जॉब म्हणजे त्या दिवशी करायचं काम वाटतात. उशिरा आलेल्याला कुणी सरळ लेथवर उभं करत नाही, आणि ते बरोबरच आहे. तो मग दिवसभर दुसऱ्याचा जॉब बघत बसतो. संध्याकाळी उलटी तऱ्हा: जॉब अर्ध्यावर असताना शेवटच्या गाडीची वेळ होते. त्यातून आयटीआयसारख्या ठिकाणी परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. म्हणजे चुकलेली बस थेट परीक्षेच्या आड येते. कारखान्यातल्या प्रशिक्षणाची पाळी लागली तर ठिकाणही बदलतं आणि वेळही, पण पास जुन्याच मार्गाचा असतो.

वसतिगृहाचा पर्याय काही जणांसाठी खरा आहे. जाऊन-येऊन दिवसाचे चार-पाच तास मोडत असतील तर तोच बरा, हे मान्य. पण इमारत, जेवण, रखवाली असा प्रत्येक मुलामागचा खर्च बसच्या एका जागेपेक्षा कमी कसा, हे मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं. आणि कित्येक घरं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात ठेवण्याऐवजी तिचं शिक्षणच थांबवतात.

ऑनलाइनबद्दल फार लिहायला नको. थिअरी पडद्यावर होईल. वेल्डिंगचा टाका हातानंच घालावा लागतो.

राहिला भत्ता. जिथं गाडीच नाही तिथं पैसे देऊन गाडी उगवत नाही. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत त्या वयाच्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि वाढ मुख्यतः शाळेपासून दूरच्या गावांत होती. त्या मुली व्यावसायिक शाखेतल्या नव्हत्या, आणि वीस-पंचवीस किलोमीटरला सायकल पुरणारही नाही. पण अंतर हाच अडथळा असेल तर प्रवासाचं साधन दिल्यानं मुली शाळेत येतात, एवढं त्यातून दिसतं. जिथं गाड्या भरपूर आहेत तिथं भत्ता जरूर द्या. जिथं नाहीत तिथं आधी फेरी सुरू करा.

नवी संस्था मंजूर करताना इमारत, यंत्रं आणि पगार यांच्याच पानावर वाहतुकीची तरतूद लिहावी. फेरीची वेळ प्रात्यक्षिकाच्या वेळापत्रकावरून ठरवावी. आणि अंतर मोजायचं ते गावाजवळच्या साध्या शाळेपर्यंतचं नव्हे, तर ज्या संस्थेत तो ट्रेड शिकवला जातो तिथपर्यंतचं.