निर्यातबंदीतला तिसरा माणूस

निर्यातबंदी आली की आपल्याकडं भांडण दोघांचंच होतं. शेतकरी म्हणतो भाव पाडला, शहरातला ग्राहक म्हणतो स्वस्त झालं ते बरं झालं. आपल्या मालावर परदेशात ज्याची चूल चालते, तो तिसरा माणूस या भांडणात कुठंच नसतो. आज त्याच्याबद्दल लिहायचंय.

मी लोणंदजवळचा कांदा उत्पादक. आमचा हळवा, म्हणजे लवकर तयार होणारा कांदा निघतो ऐन थंडीच्या तोंडाला. उशिरा येणाऱ्या गरव्यासारखा तो साठवणीच्या कांदाचाळीत टिकत नाही. काढला, पात कापली, की पंधरा दिवसांत बाजार दाखवावाच लागतो. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी लागू झाली तेव्हा आमच्या रानात बायका पात कापत बसल्या होत्या. निम्मा कांदा पिशव्यांत, निम्मा अजून वाफ्यात. दहा-बारा दिवसांत आमच्या मालाचा भाव निम्म्यावर आला. मजुरी ठरलेली होती, ती दिली.

त्याच दिवसांत बांगलादेशात कांद्याचे भाव एका रात्रीत भडकले. म्हणजे इकडं मी कांदा काढायची मजुरी तरी निघेल का याचा हिशेब करत होतो, आणि तिकडं कुणीतरी अर्ध्या किलोच्या जागी पावशेर घेऊन घरी जात होतं. एकाच हुकुमानं दोघंही मारले गेले.

हे त्यांच्याबाबत पहिल्यांदा घडलेलं नाही. सप्टेंबर 2019 मध्येही अशीच अचानक बंदी आली. काही दिवसांनी शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा भर सभेत त्यांनी सांगितलं की मी स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. बंदी घालायची तर निदान आधी कळवत जा. लोक हसले. पण एका देशाच्या पंतप्रधानाला दुसऱ्याच्या दारात हे बोलावं लागलं, यात मला तरी हसण्यासारखं काही दिसत नाही. वर्षभरानं, सप्टेंबर 2020 मध्ये, पुन्हा तेच. भरलेले ट्रक सीमेवर उभे राहिले आणि कांदा ताडपत्रीखाली सडला.

मग त्यांनी काय केलं? पाकिस्तान, चीन, तुर्कस्तान, म्यानमार, जिथून मिळेल तिथून माल आणला आणि घरच्या कांदालागवडीवर जोर दिला. आपण त्यांना दोष देऊ शकत नाही, कारण आपणही हेच केलं होतं.

1965-66 च्या दुष्काळात आपण अमेरिकेच्या गव्हावर होतो. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडला. व्हिएतनाम युद्धावर आपण टीका करत होतो, हे त्यामागचं एक कारण होतं. त्या टांगणीतूनच 1966 मध्ये मेक्सिकोहून 18 हजार टन गव्हाचं बियाणं आलं आणि हरितक्रांतीनं वेग घेतला.

माझी आजी माणदेशातली. 72 च्या दुष्काळात तिनं अमेरिकेचा मिलो खाल्लाय, तो लाल जोंधळा. सांगायची, पिठाला चिकटपणाच नसायचा, भाकरी थापून उचलली की हातात तुकडं यायचं. पण तिची खरी तक्रार चवीची नव्हती. रेशनच्या दुकानापुढं नंबराला पिशवी ठेवून सगळं गाव बसायचं, आणि गाडी आज येणार की परवा हे कुणालाच ठाऊक नसायचं. ढाक्यातल्या त्या घराचा विचार केला की मला ती पिशवी दिसते.

बांगलादेशाकडं निदान पाणी आणि जमीन आहे. सेनेगलसारख्या देशांचं काय? तिथं तुकडा तांदूळ मुद्दाम आवडीनं खातात, आणि तो पुरवण्यात आपला वाटा मोठा होता. सप्टेंबर 2022 मध्ये आपण तुकडा तांदूळ बंद केला, जुलै 2023 मध्ये बिगर बासमती पांढरा तांदूळही. जगाच्या तांदूळ व्यापारातला चाळीस टक्क्यांच्या आसपास माल आपला. एवढा मोठा विकणारा दार लावतो तेव्हा भाव सगळीकडंच चढतात. गरजू देशांनी विनंती केली तर सरकारमार्फत तांदूळ देण्याची वाट ठेवली होती, ते चांगलंच केलं. पण अर्ज, मंजुरी, जहाज या सगळ्याला वेळ लागतो, भूक तेवढी थांबत नाही.

आणि आपणही कुठल्या तरी बाबतीत तिसरा माणूसच आहोत. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियानं पामतेल जेमतेम तीन-चार आठवडे बंद केलं, तर आपल्या वाण्याकडं तेलाच्या पिशवीवरून बोलाचाली झाल्या. तेव्हा आपल्याला लगेच कळलं.

घरच्या गरिबाचं ताट आधी, हे मला मान्य आहे. पुण्यात धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाईला ऐंशी रुपयांचा कांदा परवडत नाही. तिच्यासाठी सरकारनं आमच्याकडून रास्त भावानं कांदा घेऊन साठा करावा, निर्यातशुल्क टप्प्याटप्प्यानं वाढवावं. जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारातलं 12 वं कलमच सांगतं की बंदी घालणाऱ्यानं आयात करणाऱ्या देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि शक्य तितकं आधी लेखी कळवावं. रातोरात आदेश काढणं यात कुठं बसतं?

माझी मागणी एवढीच आहे. भरलेला ट्रक अडवू नका, आणि बंदीआधी एक महिन्याची सूचना द्या. एका महिन्यात माझा हळवा निघून बाजारात जातो, आणि ढाक्याच्या व्यापाऱ्यालाही दुसरीकडून जहाज मागवता येतं.