सुनेला दिवस गेले म्हणून मांजर पोत्यात?

एक मेसेज दर काही महिन्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरून येतो. कधी 'प्रसिद्ध स्त्रीरोगतज्ज्ञांचा इशारा' म्हणून, कधी 'आमच्या ओळखीत घडलेली खरी गोष्ट' म्हणून. शब्द बदलतात, मुद्दे ठरलेले असतात. घरात मांजर असेल तर गरोदर बाईला टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा संसर्ग होणारच. त्यानं पुन्हा पुन्हा गर्भपात होतात. मांजराचे केस पोटात गेले की गाठ धरते, घटसर्प होतो. दमा तर लागलेलाच. आणि बाळ झालं की मांजर पाळण्यात शिरून त्याचा श्वास ओढून घेतं. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच मांजर घराबाहेर काढा.

मेसेज पाठवणाऱ्याचं काम तिथं संपतं. पुढचं काम घरातला एखादा दीर किंवा मामा करतो. मांजर पोत्यात घालायचं, गाडीवर ठेवायचं आणि मासळी बाजारामागे सोडून यायचं. बाजारात फलाटाखाली बसलेली, माणसाला न बुजणारी, हाक मारली की जवळ येणारी मांजरं दिसतात ना, त्यातली बरीचशी अशीच आलेली असतात. प्राण्याला उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, पण ते राहू दे. आधी मुद्दे खरे आहेत का ते पाहू. एखादा आहेही, आणि ते मी लपवणार नाही.

पहिला मुद्दा टॉक्सोप्लाझ्माचा. हा मेसेजमधला सगळ्यांत वजनदार मुद्दा, कारण आजार खरा आहे. टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी. १९०८ मध्ये ट्युनिसमधल्या संशोधकांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. गरोदरपणात बाईला त्याचा संसर्ग आयुष्यात पहिल्यांदाच झाला, तर तो वारेतून गर्भापर्यंत जाऊ शकतो आणि बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा करू शकतो. सुरुवातीच्या महिन्यांत तो गर्भापर्यंत पोचण्याची शक्यता कमी, पण पोचला तर नुकसान जास्त. शेवटच्या महिन्यांत नेमकं उलट. इथपर्यंत मेसेजशी माझं भांडण नाही.

भांडण पुढच्या वाक्याशी आहे: मांजर आहे म्हणजे होणारच. मांजराचा या परजीवीच्या आयुष्यातला वाटा लक्षात आला तो १९७० च्या सुमारास. परजीवीची 'अंडी' (शास्त्रज्ञ त्यांना ऊसिस्ट म्हणतात) फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतात, हे खरं. पण कधी? मांजराला स्वतःला पहिल्यांदा संसर्ग होतो तेव्हा, एक ते तीन आठवडे. बहुतेक मांजरांच्या बाबतीत हे लहानपणी, उंदीर-पाखरं मारायला शिकण्याच्या वयात उरकून जातं. त्यानंतर शरीरात प्रतिकारशक्ती तयार होते आणि ही अंडी पडणं सहसा थांबतं. म्हणजे तुमच्या घरात सहा वर्षं सोफ्यावर लोळणारी मनी आता तुमच्या सुनेला हा आजार देईल ही शक्यता फार थोडी. ती कधीच घराबाहेर गेली नसेल, उंदीर मारला नसेल आणि शिजवलेलं किंवा पाकिटातलं खात असेल, तर ती जवळजवळ नाहीच.

दुसरी गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असती तर त्यानं वेगळाच सल्ला दिला असता. मांजराच्या विष्ठेतून पडलेली अंडी लगेच बाधत नाहीत. ती पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून वाळूचं घमेलं, म्हणजे लिटर ट्रे, रोजच्या रोज काढला की धोका तिथेच तुटतो. हे काम गरोदर बाईनं न करता नवऱ्यानं करावं. तिलाच करावं लागलं तर हातमोजे घालून आणि नंतर साबणानं हात धुऊन. मांजराला कुरवाळल्यानं, ते मांडीवर बसल्यानं हा आजार सहसा लागत नाही. ते दिवसभर स्वतःला चाटून साफ करत असतं, त्यामुळे अंगावर अंडी पिकेपर्यंत टिकून राहत नाहीत. नऊ महिने रोज ट्रे कोण काढणार, हा खरा घरगुती प्रश्न आहे. तो टाळण्यापेक्षा मांजर टाकून येणं कित्येकांना सोपं वाटतं, असा माझा अनुभव.

मग माणसांना हा आजार होतो कशातून? २००० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये युरोपातल्या सहा शहरांचा एक अभ्यास आला. गरोदरपणात नव्यानं संसर्ग झालेल्या २५२ बायकांची तुलना संसर्ग न झालेल्या ८५८ बायकांशी केली होती. केंद्रागणिक ३० ते ६३ टक्के संसर्गांचं मूळ अर्धकच्च्या मांसात निघालं आणि ६ ते १७ टक्क्यांचं मातीत. घरात मांजर असणं हा त्यात धोक्याचा घटक ठरलाच नाही. मांसाचा पुरावा तर मांजराच्या पुराव्याहून जुना आहे. १९६५ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्षयाच्या रुग्णालयातल्या मुलांना जेमतेम शिजवलेलं मांस दिल्यावर संसर्गाचं प्रमाण वाढलं, आणि मेंढीचं मांस दिल्यावर आणखी वाढलं, असं नोंदवलं. (असा प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती होऊ देणार नाही, आणि ते बरंच आहे.)

आपल्याकडे मटण कुकरमध्ये गळेपर्यंत शिजतं, त्यामुळे रश्श्यात भीती नाही. भीती तव्यावर घाईत परतलेल्या, आतून लालसर राहिलेल्या कलेजीत आहे. खिम्याचं सारण कच्चं असतानाच मीठ-तिखट चाखून बघण्यात आहे. ज्या विळीवर मटण कापलं तीच नुसती पाण्याखाली धरून काकडी चोचवण्यात आहे. शाकाहारी घरंही सुटत नाहीत: शेतातली, परसातली माती लागलेली कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात नीट न धुता खाल्ली की झालं. ओलसर मातीत ही अंडी वर्षभरसुद्धा टिकतात. कुंड्यांतली माती उकरताना हातमोजे घालावेत, हे डोहाळजेवणाला आलेल्या दहा बायकांपैकी एकही सांगत नाही. मांजराचं मात्र दहाही सांगतात.

पाण्यातूनही तो येतो. तमिळनाडूत कोइंबतूरला २००४-०५ मध्ये डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्माची साथ आली, २४८ रुग्णांची नोंद झाली आणि संशयाचं बोट पिण्याच्या पाण्याकडे गेलं. मांजर न पाळणारा माणूसही नळाचं पाणी पितोच.

आता हिशेब मांडा. घरातलं, लिटर ट्रे वापरणारं, शिजवलेलं खाणारं मांजर तुम्ही बाजारामागे सोडलंत. तिथं ते पोटासाठी उंदीर मारणार, त्यातून त्याला पहिल्यांदा संसर्ग होणार आणि ते कुणाच्या तरी भाजीच्या वाफ्यात विष्ठा करणार. आजाराची साखळी तोडायला निघालेल्या माणसानं तिच्यात एक कडी जोडली. सल्ला द्यायचाच असेल तर असा द्या: गरोदरपणात रस्त्यावरचं नवं पिल्लू घरात आणू नका, आणि असलेल्या मांजराला चिकनवाल्याकडची कच्ची कातडी-काळीज घालू नका, उकडून घाला.

याला जोडूनच येतो तो वारंवार गर्भपाताचा मुद्दा, आणि तो बायकांना फार छळतो. दोनदा गर्भपात झाला की कुणीतरी टॉर्च तपासणी (टॉक्सोप्लाझ्मासह गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी) करायला सांगतं, अहवालात टॉक्सोप्लाझ्माचं आयजीजी पॉझिटिव्ह येतं आणि सासरी निकाल लागतो: मांजरानंच घात केला. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी, बहुतेकदा लहानपणीच, संसर्ग होऊन गेला. गर्भारपणाच्या आधीचा हा संसर्ग उलट चांगली बातमी आहे, कारण शरीरात प्रतिपिंडं तयार असतात आणि बाळ सहसा सुरक्षित राहतं. संसर्ग गर्भाला धोका करतो तो नवा असताना. तो प्रत्येक खेपेला नवा होत नाही, म्हणून एकामागून एक गर्भपातांचं कारण म्हणून तो बसत नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०११ च्या मार्गदर्शिकेत वारंवार गर्भपातासाठी सरसकट टॉर्च तपासणी करणं सोडून द्यावं, असं स्पष्ट लिहिलं.

आयजीएम, म्हणजे संसर्ग झाल्यावर आधी तयार होणारी प्रतिपिंडं, पॉझिटिव्ह आलं तरी लगेच घाबरून जायचं नाही. ते कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त पॉझिटिव्ह राहू शकतं. संसर्ग जुना की नवा हे ठरवायला आयजीजी अ‍ॅव्हिडिटी नावाची वेगळी तपासणी असते. पहिल्या तिमाहीत ती 'हाय' आली तर संसर्ग दिवस राहण्याच्या आधीचा, असं धरता येतं. नवा असल्याची शंका उरली तर स्पायरामायसिनसारखी औषधं आहेत. हे सगळं डॉक्टरांशी बोलायचं; ग्रुपवर अहवालाचा फोटो टाकून नाही.

घटसर्प. ही समजूत आपल्याकडे फार जुनी. लहानपणी मांजराला कवटाळलं की आजीनं 'केस पोटात जातील, घटसर्प होईल' म्हणून ओरडलेलं अनेकांना आठवत असेल. घटसर्प म्हणजे डिप्थीरिया. तो होतो एका जिवाणूमुळे, आणि तो पसरतो माणसाच्या खोकल्या-शिंकांतून दुसऱ्या माणसाकडे. केसांचा त्यात संबंध नाही. या जिवाणूचा एक भाऊबंद, कोरिनेबॅक्टेरियम अल्सरन्स, क्वचित कुत्र्या-मांजरांकडून माणसात येऊन तसाच आजार करतो, हे मी सांगितलं नाही तर कुणीतरी तेवढंच उचलून माझ्या तोंडावर मारेल. पण उपाय दोन्हीवर एकच आहे आणि तो पोतं नव्हे. तो म्हणजे लस: बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (घटसर्पासह पाच आजारांवरची एकत्र लस), मग दीड वर्षाच्या आसपास आणि वयाच्या पाच-सहा वर्षांना डीपीटीचा बूस्टर. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात धनुर्वातासाठी जी टीडी लस देतात, तिच्यातही घटसर्पाची लस असते. मांजर टाकून येणाऱ्या घरात बूस्टर राहून गेलेला असतो, असं आढळलं की मला हसावं की रडावं कळत नाही.

केस गिळल्यानं पोटात गाठ होत नाही; केस आले तसे निघून जातात. पोटात जंत होण्याची भीती खरी असते, पण ती विष्ठेतल्या अंड्यांची, आणि पिल्लांना पशुवैद्यकाला विचारून जंताचं औषध वेळेवर पाजलं की ती आटोक्यात राहते.

दम्याच्या मुद्द्यात तथ्य आहे. मांजराची अ‍ॅलर्जी ही खरी गोष्ट, पण दोषी केस नव्हेत. फेल डी १ नावाचं प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या ग्रंथींत तयार होतं, वाळून धुळीसारखं हवेत तरंगतं आणि गाद्या-पडद्यांत बसतं. मांजर गेल्यावरही ते घरात काही महिने राहतं, म्हणून 'मांजर काढलं तरी शिंका थांबल्या नाहीत' अशी तक्रार येते. खच्ची न केलेल्या बोक्यात ते जास्त असतं. घरात कुणाला आधीच दमा असेल आणि मांजरापाशी तो नक्की वाढतो असं डॉक्टरांच्या तपासणीत दिसलं, तर मांजराला दुसरं चांगलं घर शोधावं. ते काही आठवड्यांचं, फोन करायचं, फोटो पाठवायचं काम आहे. ज्याला दमा नाही त्याला मांजरामुळे तो 'लागलेलाच' असतो, हे मात्र धादांत खोटं.

बाळाचा श्वास ओढण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मांजराला ऊब लागते आणि पाळण्यात ऊब असते, एवढीच ती गोष्ट. तान्ह्या बाळाशेजारी मांजर झोपू देऊ नये, कारण बाळाची मान धरलेली नसते आणि चार किलोचं जनावर तोंडाजवळ पसरलं तर गुदमरण्याचा धोका आहे. खोलीचं दार लावा. पाळण्याला मच्छरदाणी असली तरी मांजर तिच्यावरच जाऊन झोपू शकतं, म्हणून नुसत्या जाळीवर विसंबू नका.

आणि मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते नेमकं नाही. रेबीज. कुत्र्याचं सगळ्यांना माहीत असतं, पण मांजराच्या चावण्यानं, ओरखड्यानंही रेबीज होऊ शकतो, आणि एकदा लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. घरातल्या मांजराला तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यायची आणि पशुवैद्यक सांगेल तेव्हा पुन्हा द्यायची. चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, कारण अंदाजानं धुणारा दोन मिनिटांतच उठतो. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दंडात घ्यायच्या लशीचे दिवस ०, ३, ७, १४, २८ (० म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस). जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, त्याबद्दल आपणहून विचारायचं.

पोटुशी बाईला हीच लस 'बाळाला बाधेल' म्हणून घरचे पुढे ढकलतात. ती गरोदरपणात चालते, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते, इम्युनोग्लोब्युलिनही चालतं. दवाखान्यात गेल्यावर दिवस गेल्याचं जरूर सांगा, पण डोस नाकारायचं कारण म्हणून सांगू नका.