'स्कॅन नॉर्मल आला, घरी जा': लकव्याच्या फॉरवर्डमधलं सर्वांत घातक वाक्य

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला चार ग्रुपांवर आला. एक नातेवाइकांचा, एक सोसायटीचा आणि दोन चक्क डॉक्टरांचे. मजकूर थोडक्यात असा: 'एआय आता मेंदूचा सीटी पाहून पाच सेकंदांत लकवा ओळखतं, तेही डॉक्टरपेक्षा अचूक. स्कॅन नॉर्मल आला तर निश्चिंत घरी जा. रेडिओलॉजिस्टची गरज संपली. प्रत्येक तालुक्यात हे बसवलं की लकव्याने कुणी दगावणार नाही.' खाली जोडलेले हात.

मी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारा डॉक्टर. रात्रपाळीत छोट्या गावांतल्या केंद्रांवरून येणारे सीटी वाचतो. त्यातल्या काही ठिकाणी असं सॉफ्टवेअर आहे आणि मला ते हवंसं वाटतं. हे आधीच सांगतो, नाहीतर पोटावर पाय आला म्हणून ओरडतोय असं वाटायचं.

'घरी जा'पासूनच सुरुवात करू, कारण बाकीची वाक्यं नुसती चुकीची आहेत, हे माणूस मारू शकतं.

लकवा दोन तऱ्हांनी येतो. मेंदूत रक्तवाहिनी फुटते, नाहीतर गुठळीने बंद पडते. सांडलेलं रक्त साध्या सीटीवर पांढरं दिसतं, शिकाऊ डॉक्टरलाही बहुतेकदा कळतं. गुठळीचं तसं नाही. रक्त न पोचलेला भाग पहिल्या काही तासांत शेजारच्या निरोगी भागासारखाच दिसू शकतो. आणि गुठळीचेच रुग्ण जास्त. म्हणजे उजवा हात लुळा पडलाय, वाचा गेलीय आणि तासाभरात काढलेला सीटी स्वच्छ आहे, हे अगदी नेहमीचं चित्र. अशा वेळी 'नॉर्मल'चा अर्थ 'रक्तस्राव नाही, गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा विचार करा' असा असतो. त्या इंजेक्शनचा फायदा पहिल्या ३ तासांत होतो हे १९९५ च्या अमेरिकन चाचणीत दिसलं, २००८ च्या युरोपीय चाचणीने ती मुदत साडेचार तासांवर नेली. फॉरवर्ड वाचून घरी गेलेला माणूस नेमके तेच तास अंथरुणात घालवतो.

मेंदूचा मागचा भाग तर आणखी फसवा. लहान मेंदूच्या भोवती जाड हाडं, त्यांच्यामुळे सीटीवर तिथे पट्टे उमटतात. रुग्णाची तक्रार चक्कर आणि उलट्यांची. पित्ताची गोळी घेऊन परत पाठवलेले असे रुग्ण दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, तेव्हा सीटी बोलायला लागलेला असतो.

आता 'पाच सेकंदांत लकवा'. कोणता लकवा? बाजारात एकच जादूचं यंत्र नाही. साध्या सीटीवर रक्त शोधणारं सॉफ्टवेअर वेगळं, शिरेतून औषध सोडून काढलेल्या अँजिओग्राफीत मोठी रक्तवाहिनी बंद आहे का ते पाहणारं वेगळं, मेंदूचा किती भाग अजून वाचवता येईल याचा नकाशा काढणारं तिसरं. २०१८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या औषध नियामकाने व्हिझ या कंपनीच्या ज्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली, ते दुसऱ्या जातीचं. संशय आला की तज्ज्ञाच्या फोनवर सूचना धाडायची, एवढंच त्याचं काम. संपूर्ण तपासणीच्या जागी ते वापरू नये, हेही नियामकाने तेव्हाच बजावलं होतं. आणि रात्री केंद्रावर फक्त साधा सीटी निघाला असेल, तर अशा सॉफ्टवेअरपुढे वाचायला काही नसतंच.

'डॉक्टरपेक्षा अचूक' हा दावा जरा उलगडून पाहायला हवा. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीच्या मंडळींनी २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला. भारतातल्या सुमारे २० केंद्रांचे ३,१३,३१८ सीटी त्यांनी जमवले होते. काम अभिमान वाटावा असंच आहे. ४९१ सीटींच्या एका वेगळ्या संचावर रक्तस्राव ओळखण्यात त्यांच्या प्रणालीला १ पैकी ०.९४ गुणांक मिळाला. पण तो संच तपासायला उत्तरपत्रिका कुणाची होती? तीन रेडिओलॉजिस्टांची. गुरुजींच्या उत्तराशी ताडून मिळालेले गुण दाखवून 'गुरुजींपेक्षा हुशार' कसं म्हणायचं?

शिवाय टक्केवारी आणि रात्रपाळी यांचं गणित निराळं असतं. समजा, १,००० सीटी आले आणि त्यातल्या ४० मध्ये रक्त आहे. सॉफ्टवेअर शंभरातले ९० रक्तस्राव पकडतं आणि रक्त नसलेल्या शंभरांपैकी १० जणांत उगाच बोंब मारतं, असं धरू. ४० पैकी ३६ सापडले, ४ निसटले. उरलेल्या ९६० पैकी ९६ खोट्या घंटा. एकूण १३२ घंटा, खऱ्या ३६. चारातल्या जवळपास तीन वेळा उठून पाहायचं आणि काही नसायचं. बहुतेकदा वयोमानाने साचलेलं कॅल्शियम असतं, तेही पांढरंच दिसतं. कधी रुग्णाने मान हलवलेली असते. संशयाच्या जागी सॉफ्टवेअरने काढलेला लाल चौकोन पाहून 'हे कॅल्शियम' म्हणणारं कुणीतरी लागतंच.

रेडिओलॉजिस्ट संपले, यावर फार लिहीत नाही. एआयच्या जनकांपैकी एक मानले जाणारे जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली, पाच वर्षांत आमचं काम यंत्र जास्त चांगलं करेल, तेव्हा नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं थांबवा, असं सांगितलं होतं. त्यांना पुढे नोबेल मिळालं. मी अजून रात्री जागतोय.

शेवटचा दावा, 'कुणी दगावणार नाही'. इथे थोडं खरं आहे. अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या चार रुग्णालयांत मोठी रक्तवाहिनी बंद आहे का ते पाहणाऱ्या सॉफ्टवेअरची रीतसर चाचणी झाली, २०२३ साली निष्कर्ष आले. रुग्ण दारात आल्यापासून गुठळी काढायला मांडीतून नळी घालेपर्यंतचा वेळ सुमारे ११ मिनिटांनी घटला. मोठी गुठळी अडकली की मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे, म्हणजे ११ मिनिटं काही थोडकी नव्हेत. इंजेक्शन मिळण्याच्या वेळेत मात्र फरक पडला नाही. आणि तिथे घंटा वाजली की धावणारं पथक होतं. आपल्याकडे घंटा तालुक्यात वाजेल आणि गुठळी काढणारा डॉक्टर पुण्यात किंवा नागपुरात असेल. मधला रस्ता सॉफ्टवेअर कापत नाही.

त्याचा खरा उपयोग मला रोज दिसतो. मध्यरात्री वीस सीटी रांगेत असतात, बहुतेक दुचाकीवरून पडलेल्यांचे. सतराव्या नंबरावरचा रक्तस्राव ते उचलून पहिल्या नंबरावर आणतं.

पण वेळ त्याला कळत नाही. सकाळी सात वाजता आजोबांना आणतात, तोंड वाकडं, 'झोपेतून उठले ते असेच'. मग घड्याळ रात्री दहाला झोपले तिथपासून मोजायचं: नऊ तास, इंजेक्शनची मुदत उलटलेली. अशा वेळी कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, रात्री मध्ये उठले होते का? मुलगा नाही म्हणतो. सून जरा थांबून म्हणते, 'चारला पाणी मागितलं होतं. नीट बोलले माझ्याशी.' नऊचे तीन तास होतात.